अश्वशक्तीचा हिशेब पुरे, पाण्याचा हिशेब मांडा



शेतीपंपाचा विषय निघाला की तीन गोष्टींवर वाद होतो. वीज किती तास, बिल किती आणि मोटार किती अश्वशक्तीची. विधानसभेत हेच, चावडीवर हेच, आणि खरे सांगायचे तर आपल्या बैठकांतही हेच. या तिन्हींत पाणी कुठेच नाही. आपण पंप बसवला तो पाण्यासाठी, पण एक युनिट वीज जळाल्यावर शेतात किती लिटर पाणी पडले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मंडळाच्या काळात विचारला गेला नाही. २००५ मध्ये मंडळ फोडून कंपन्या झाल्या, त्यांनीही विचारला नाही. पंप विकणारा तर विचारणारच नाही.

आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आता शेतकऱ्यानेच विचारला पाहिजे. त्यासाठी पंपाच्या पोटात काय घडते ते एकदा नीट समजून घ्यावे लागेल. विषय इंजिनिअरचा वाटला तरी तो आपल्या खिशाचा आहे.

मोट आणि पंप

मोट पाणी उचलत होती. बैल थकले तर मोट हळू येई, पण येई. भरलेली मोट अर्ध्या वेगाने ओढली तरी तेवढेच पाणी वर येते, फक्त वेळ दुप्पट लागतो. पंप हे काम निराळ्या रीतीने करतो. पंप पाणी उचलत नाही, तो पाणी भिरकावतो.

घरात ताक घुसळताना पाहा. रवी जोरात फिरली की ताक मडक्याच्या काठाशी चढते आणि मध्ये खळगा पडतो. पंपात नेमके हेच होते. पाणी पंख्याच्या मध्यावर शिरते, पाती त्याला गरगर फिरवत बाहेर ढकलतात, आणि गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे ते पंख्याच्या कडेवरून सुटते. भोवतीचे बिडाचे कवच शंखासारखे पसरत गेलेले असते. त्यात पाण्याचा वेग कमी होतो आणि त्या वेगाचा दाब होतो. हा दाब पाइपातून पाणी वर चढवतो. मध्ये जो खळगा पडतो, तिथे हवेचा दाब विहिरीतले पाणी ढकलतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर हवा ते ढकलत असते.

याचे गणित आजचे नाही. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने ते १७५० च्या दशकात मांडले. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: फिरते यंत्र पाण्याला जेवढी फिरकी देते, तेवढीच शक्ती देते. पंख्याच्या कडेचा वेग आणि पाण्याला मिळालेली फिरकी यांचा गुणाकार करा, प्रत्येक किलो पाण्याला किती शक्ती मिळाली ते निघते. या गुणाकारात अश्वशक्ती हा शब्दच येत नाही. पंखा किती मोठा, किती फेऱ्यांनी फिरतो आणि पाती कशी वळवली आहेत, यावर सारे ठरते.

एक उदाहरण घेऊ. १५ सेंटिमीटरचा, म्हणजे ६ इंची पंखा मिनिटाला २९०० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ २३ मीटर धावते. ताशी ८२ किलोमीटर झाले, एसटीच्या गाडीपेक्षा जास्त. त्या वेगाने दगड सरळ वर फेकला तर तो सुमारे २६ मीटर चढेल. असा एका पंख्याचा पंपही साधारण २५ ते ३० मीटरच पाणी चढवू शकतो. मागे ५ ची मोटार लावा, नाहीतर १० ची लावा. पंखा तोच आणि फेरे तेच असतील तर पाणी त्याहून वर जाणार नाही. ‘मोठी मोटार घ्या, पाणी वर चढेल’ असे सांगणारा दुकानदार एकतर स्वतः फसला आहे, नाहीतर आपल्याला फसवतो आहे. खोल बोअरसाठी पाणबुडी पंपात एकावर एक असे अनेक पंखे बसवतात ते याच कारणाने. एका पंख्याने दिलेला दाब दुसऱ्याच्या तोंडाशी, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, अशी ती चळत असते.

वेग दहा टक्के पडला तर

आता मोट आणि पंप यांतला खरा फरक. पंपाचा वेग कमी झाला तर पाणी चढण्याची उंची वेगाच्या वर्गाने कमी होते. फेरे निम्मे झाले तर उंची पाव होते. फेरे १० टक्के घटले तर उंची १९ टक्के घटते. जो पंप पूर्ण वेगाने जास्तीत जास्त ३० मीटर पाणी चढवतो, तो १० टक्के वेग घटला की २४ मीटरच्या आसपास थांबतो. विहिरीतून शेतापर्यंतची चढण २५ मीटर असेल तर मोटार घुमत राहील, वीज जळत राहील आणि नळीतून थेंब पडणार नाही. बैल निम्म्या ताकदीने मोट ओढत असता तर निम्मे तरी पाणी मिळाले असते.

व्होल्टेजची गोष्ट याहून वाईट. आपल्या थ्री फेज मोटारी ४१५ व्होल्टसाठी बनवलेल्या असतात. १९५६ च्या वीज नियमांत लघुदाबाच्या ग्राहकाला व्होल्टेज ६ टक्क्यांपेक्षा कमी-जास्त होऊ नये असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे ३९० च्या खाली यायला नको. उन्हाळ्यात डीपीच्या शेवटच्या टोकाला ३०० व्होल्ट आले तर काय होते? मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. ३०० व्होल्टला तो ५२ टक्के उरतो. समोरचे काम मात्र कमी झालेले नसते, कारण पाणी तेवढेच जड आणि विहीर तेवढीच खोल. मग मोटार जास्त करंट ओढते. करंट दीडपट झाला की तारेतली उष्णता सव्वादोन पट होते. वार्निश वितळते, वास येतो आणि आपण मोटार काढून गाडीत टाकतो. रिवायंडिंगवाल्याकडे आधीच रांग असते. तिकडे उभे पीक माना टाकते.

या जळालेल्या मोटारीचे बिल कोणत्याही वीजदराच्या तक्त्यात नाही. वीज स्वस्त की महाग याचा वाद घालणारे शहाणे लोक ते कधी धरत नाहीत. रिवायंडिंगचा खर्च, बुडालेली पाळी आणि रात्रीच्या अंधारात काट्याकुट्यांतून स्टार्टरपर्यंत मारलेल्या फेऱ्या हा सगळा विजेचाच दर आहे. तो आपण बिलावाचून भरत आलो आहोत.

तेच यंत्र उलटे फिरवले की

पाण्याला शक्ती देणारे यंत्र उलट बाजूने पाण्याकडून शक्ती घेऊही शकते. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. घाटावरचे पाणी नळांतून खाली कोसळते, त्याची धार चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक फिरते. अशा चाकाचे मर्म फार सोपे आहे. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या निम्मा ठेवला, तर वाटीत वळलेले पाणी आपली जवळजवळ सगळी शक्ती देऊन मलूल होऊन खाली पडते. चाकातून बाहेर पडणारे पाणी जितके थकलेले, तितकी वीज जास्त. मोठ्या जलविद्युत टर्बाइनची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर असते.

अकोले तालुक्यातल्या घाटघरला तर दोन्ही कामे एकच यंत्र करते. विजेची मागणी कमी असते तेव्हा ते पंप होऊन घाटाखालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवते. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून ते टर्बाइन होते. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. तिथे पाणी चढवायला किती युनिट लागले आणि उतरताना किती परत मिळाले, याचा रोजचा हिशेब ठेवतात. चढवायला लागलेल्या विजेपैकी काही भाग वाया जाणारच, पण किती गेला हे तिथल्या माणसांना माहीत असते.

सरकारला पाणी चढवायचे असते तेव्हा युनिटचा हिशेब होतो. शेतकऱ्याने पाणी चढवले की अश्वशक्तीचा अंदाज होतो. निसर्गाचा नियम दोघांना एकच आहे, मग हिशेबाची रीत दोन का?

पाटी खोटे का बोलते

१८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे अ‍ॅपोल्ड नावाच्या माणसाने आपला पंप मांडला. त्याच्या पंख्याची पाती सरळ नव्हती, मागे वळलेली होती. तपासणी झाली तेव्हा वळलेल्या पात्यांच्या पंपाची कार्यक्षमता ६८ टक्के निघाली आणि सरळ पात्यांच्या पंपाची २४ टक्के. लोखंड साधारण तेवढेच, फरक फक्त पात्याच्या वळणाचा. या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे होत आली. आजही आपल्या विहिरींवर मोजणी केली तर मोटार आणि पंप मिळून २५-३० टक्के काम निघणे नवलाचे नाही.

याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणावर टाकणारे विद्वान पुष्कळ आहेत. ‘शेतकरी वीज उधळतो, पाणी उधळतो’ असे लेख शहरातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो: ज्या मालाचे मोजमाप होत नाही, तो जपून वापरला म्हणून कोणाला काय मिळाले? अश्वशक्तीवर बिल ठरले की चांगल्या पंख्याचा पंप घेणाऱ्याला एक पैसाही वाचत नाही. वाईट पंख्याचा पंप स्वस्त असतो. अशा वेळी शेतकरी स्वस्त पंप घेतो तो अडाणी म्हणून नव्हे. त्याला हिशेब कळतो म्हणून तो तसे करतो. हिशेबाची रीतच वाकडी असेल तर उत्तर सरळ येणार कसे?

त्यातून दुसरी भानगड झाली. बिल अश्वशक्तीवर, म्हणून पाटीवर ३ आणि आत ५ चा माल, असा धंदा बाजारात राजरोस चालला. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. रेघ पुन्हा अश्वशक्तीवरच ओढली. जिथे जिथे अशी रेघ असेल तिथे तिथे पाटी खोटे बोलणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मोफत विजेबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. बिल माफ झाले तर कोणाला नको असेल? पण बिल शून्य झाल्याने व्होल्टेज वाढत नाही आणि आठ तासांचे दहा तास होत नाहीत. ३० टक्क्यांचा पंप ६० टक्क्यांचा होत नाही. उलट फुकट मिळणाऱ्या मालाच्या दर्जाबद्दल तक्रार करायला तोंड राहत नाही. आणि ज्याची मोजणी नाही त्या खात्यावर कोणाचीही गळती, कोणाचीही चोरी टाकता येते. वीज कुठे गेली असे विचारले की ‘शेतीला गेली’ हे उत्तर तयार असते. आपल्या नावावर उधारी लिहिणारा दुकानदार आपल्याला वहीच दाखवत नाही, असा हा प्रकार आहे.

आठ तासांत किती पाणी

थोडे आकडे मांडू. १००० लिटर पाणी १ मीटर चढवायला किती शक्ती लागते हे ठरलेले आहे, त्यात कोणाचे मत चालत नाही. एक युनिट विजेत, काहीच वाया गेले नाही तर, ३० मीटर उंचीवर सुमारे १२,२०० लिटर पाणी चढते. मोटार, पंप आणि पाइप मिळून ५० टक्के काम झाले तर ६,१०० लिटर. २५ टक्के झाले तर ३,०५० लिटर.

५ अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण साडेचार युनिट घेते असे धरा. दिवसाच्या आठ तासांच्या पाळीत ३६ युनिट झाले. ५० टक्क्यांच्या पंपाने २ लाख २० हजार लिटर पाणी येईल. एका एकरावर एक इंच पाणी द्यायला सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागतात. म्हणजे एका पाळीत दोन एकर भिजले. २५ टक्क्यांच्या पंपाने एकच एकर भिजेल. विहीर तीच, मोटार तीच, वीज तेवढीच आणि बिलही तेच, मग ते शून्य का असेना. दुसरा एकर मात्र कोरडा राहिला. त्यात हरभरा होता की कांदा, एवढाच प्रश्न उरतो.

या वाया गेलेल्या शक्तीचे होते काय? ती पाण्यातच मुरते. पंख्यात, बेंडमध्ये, अरुंद पाइपात पाणी भोवरे घेत घासत जाते आणि शक्तीची ऊब होते. अडीच इंची पाइपाऐवजी तीन इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळजवळ अडीच पटीने कमी लागते. फुटबॉलची जाळी शेवाळाने भरली, एल्बो जास्त झाले की चढण न वाढताही पंपाला ती वाढल्यासारखी वाटते. हवेचा दाब समुद्रकाठी १० मीटरच पाणी ढकलू शकतो, घाटावर त्याहून कमी. म्हणून पंप पाण्यापासून सहा-सात मीटरच्या वर बसवला की पंख्याच्या तोंडाशी पाण्याला फेस येतो. पंपात गोटे खळखळल्यासारखा आवाज येतो आणि पात्यांना खड्डे पडतात. हे सारे आपल्या हातातले आहे. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

सूर्यावरच्या पंपाचे काय

आता सौर पंपाचा जमाना आहे. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली. २०२४ मध्ये राज्याने मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आणली. दिवसा पाणी मिळते, रात्रीची पाळी टळते, हा फायदा खरा आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण राज्याच्या योजनेत अश्वशक्ती कशावर ठरते? अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. सातबारा पाहून पंप ठरतो. पंख्याला सातबारा वाचता येत नाही, त्याला विहिरीची खोली कळते. दोन एकरवाल्याची बोअर दोनशे फूट खोल असेल आणि दहा एकरवाल्याची विहीर नदीकाठी चार परसांची असेल, तर गणित उलटे नाही का?

सौर पंपाला वर्गाचा नियम आणखी काचतो. ऊन कमी झाले की फेरे कमी होतात. फेरे ८० टक्क्यांवर आले की चढण्याची ताकद ६४ टक्क्यांवर येते. जो पंप भर दुपारी जेमतेम वरपर्यंत पाणी पोचवतो, तो सकाळी दहाला आणि दुपारी चारला नुसता फिरेल. पाण्याचे तास तीन-चार उरतील. म्हणून सौर पंप निवडताना पावसाळ्यातली पातळी धरून चालत नाही. मे महिन्यातले पाणी कुठे जाते ते मोजून, त्याला साजेशा उंचीचा पंप मागून घेतला पाहिजे. एकदा बसवला की तो वर्षानुवर्षे तसाच राहणार आहे.

आमची मागणी

जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मुद्दे ठेवतो.

पहिला, प्रत्येक डीपीवर व्होल्टेजची नोंद व्हावी आणि ती शेतकऱ्याला पाहायला मिळावी. ठरलेल्या हद्दीबाहेरच्या व्होल्टेजने मोटार जळाली तर भरपाई वीज देणाऱ्याने द्यावी.

दुसरा, पंपाच्या पाटीवर हेड, विसर्ग आणि कार्यक्षमता लिहिलेली असते. विकणाऱ्याने ती शेतावर प्रत्यक्ष चालवून दाखवावी आणि मगच पूर्ण पैसे घ्यावेत.

तिसरा, सौर पंप एकरावर न देता पाण्याच्या खोलीवर द्यावा.

चौथा मुद्दा काही जणांना कडू लागेल. शेतीच्या विजेची मोजणी होऊ द्यावी. मीटर म्हणजे वसुलीचा फास, ही भीती आम्हाला माहीत आहे आणि ती बिनबुडाची नाही. पण मोजणी नसल्याने आपण वाचलो असे झाले नाही. आपल्यावर चोरीचा शिक्का बसला आणि जळालेल्या मोटारीचा पुरावा राहिला नाही. मीटरने युनिट मोजावे, त्याच पेटीत व्होल्टेज आणि तासही मोजले जावेत. सरकारला सूट द्यायची असेल तर ती मोजलेल्या युनिटवर उघडपणे द्यावी. एका बाजूचीच मोजणी असेल तर मात्र आम्ही तिला विरोध करू.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. आपण उद्यापासून मोजू शकतो. २०० लिटरचा ड्रम डिलिव्हरीखाली ठेवा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर झाले. विहिरीतल्या पाण्यापासून नळीच्या तोंडापर्यंतची उंची मीटरमध्ये मोजा, समजा २५ आली. पाचाला पंचवीसने गुणा, आलेल्या १२५ ला ९.८१ ने गुणा. १२२६ वॉट आले. पाण्याला मिळालेली शक्ती एवढीच, जेमतेम १.६ अश्वशक्ती. मोटार ५ ची असून साडेचार हजार वॉट ओढत असेल, तर शंभरातले २७ पाण्याला मिळाले आणि ७३ वाटेत गेले.

प्रत्येक गावातून निदान दहा विहिरींचे असे आकडे पुढच्या बैठकीला आणावेत. सोबत दिवसाच्या तीन वेळांचे व्होल्टेज आणि वर्षात किती वेळा मोटार जळाली तेही लिहावे. नावे नकोत, आकडे हवेत. शेतकरी वीज उधळतो असे म्हणणाऱ्यांपुढे आणि वीज पुरेशी देतो असे म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याजवळ आज आपलीच वही नाही. ती या हंगामात तयार करू.